रुग्णाच्या उशाशी कोण बसणार?

स्मरणिकेसाठी ‘आरोग्यावर काहीतरी’ लिहून द्या, असे आपल्या संपादिकाबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात मधुमेह, रक्तदाब, फार तर कॅल्शियमच्या गोळ्या असाव्यात. ते सर्व डॉक्टर मंडळी आपल्या व्याख्यानांतून सांगतातच. मी छत्तीस वर्षे सरकारी नोकरीत परिचारिका होते. तेव्हा माझ्या हातून लिहिले जाणार ते परिचारिकांविषयीच. शिवाय भिशीत, भजनात, भाजीच्या गाडीपाशी एक तक्रार मी सतत ऐकत आले आहे : “इस्पितळात सिस्टर लक्षच देत नाहीत हो!” तक्रार खोटी नाही. परंतु लक्ष हीसुद्धा अन्नासारखीच वाटून द्यावयाची वस्तू आहे. एका बाईपाशी ती किती असते आणि किती पानांवर वाढावयाची असते, हा हिशेब मात्र कोणी विचारीत नाही. ह्या हिशेबाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तोच येथे थोडक्यात सांगते.

पूर्वी आपल्याकडे आजारी माणूस घरीच पडून असे. वैद्य येई, नाडी पाही, पुड्या देऊन जाई. पुढचे सारे घरातल्या बाईचे काम. काढा उकळणे, पेज भरवणे, कूस बदलणे, उलटी पुसणे, रात्री दिव्याची वात बारीक करून बसून राहणे. बाळंतपणाला सुईण. ह्या कामाला नाव नव्हते, वेतन नव्हते आणि ते काम आहे असे कोणास वाटतही नव्हते. इस्पितळात जावयाचे ते ज्याला घर नाही त्याने, अशीच समजूत. मुंबईत जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झाले, तरी बऱ्या घरची माणसे तेथे पाऊल टाकीत नसत.

तिकडे विलायतेतही फारशी निराळी स्थिती नव्हती. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल अडतीस बायका घेऊन गेल्या आणि १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांची शाळा काढली. त्यांचे दिव्याचे चित्र आपण शाळेत पाहिलेले असते. परंतु त्या बाईंचा खरा दिवा म्हणजे आकडेमोड. सैनिक जखमांनी किती मेले आणि घाण व हेळसांड ह्यांमुळे किती मेले, हे त्यांनी कोष्टके मांडून सरकारपुढे ठेवले. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत, पण येथील लष्कराच्या आरोग्याविषयी वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या.

मुंबईला खरी सुरुवात झाली ती स्त्रियांच्या इस्पितळापासून. पुरुष डॉक्टरला हात लावू द्यावयाचा नाही म्हणून बायका घरातच मरत. तेव्हा १८८३ च्या सुमारास जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली ह्यांनी निधी जमवला, पेस्तनजी होरमसजी कामा ह्यांनी मोठी देणगी दिली, आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. त्याच्या प्रमुख म्हणून विलायतेहून डॉक्टर एडिथ पीची आल्या होत्या. ह्या बाईंनी दोन गोष्टी केल्या. स्त्री डॉक्टरला पुरुषाइतकेच वेतन मिळावे म्हणून त्या भांडल्या, आणि कामा रुग्णालयात परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. पहिल्या गोष्टीचा बोलबाला झाला. दुसरीचा फारसा झाला नाही.

आपल्या इतिहासाचे हे असेच आहे. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत वारलेल्या आनंदीबाई जोशी कोणास ठाऊक नाहीत? त्यांच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, चित्रपट झाला. रखमाबाईंचेही नाव राहिले, आणि ते राहिलेच पाहिजे. परंतु १८९१ साली मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेण्यास आलेली पहिली हिंदी बाई कोण, असे विचारा. काशीबाई गणपत. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत तिच्यासाठी एवढी एकच ओळ असते. आम्ही ती परीक्षेसाठी पाठ केली होती. दोन गुणांचा प्रश्न.

त्यानंतर पाच वर्षांनी प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईस व १८९७ मध्ये पुण्यास. घरोघर शिरून रोग्यांना इस्पितळात नेण्याच्या सरकारी रीतीमुळे लोक किती संतापले आणि त्याचा शेवट रँडच्या खुनात कसा झाला, हे आपण वाचले आहे. परंतु एक बाजू कमी सांगितली जाते. लोकांना इस्पितळाची धास्ती होती ती केवळ सोजिरांची नव्हे. तेथे उशाशी आपले कोणी नसणार, पाणी मागितले तर कोण देईल ह्याचा भरवसा नाही, ही ती धास्ती होती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांना आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात नेत होत्या. तेथेच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांनी परिचर्येची परीक्षा दिली नव्हती. पण ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला त्या शिवल्या.

शिवण्याचा हा प्रश्नच सगळ्याच्या मुळाशी होता. परिचारिका व्हावयाचे म्हणजे परक्या माणसाच्या, कोणत्याही जातीच्या माणसाच्या, अंगाला हात लावावयाचा, मलमूत्र उचलावयाचे आणि रात्री घराबाहेर राहावयाचे. तिन्ही गोष्टी आपल्या समाजास नकोशा. त्यामुळे पहिली कित्येक वर्षे ह्या कामाला आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन मुली, आणि जिला दुसरा आधार उरला नाही अशा विधवा. म्हणजे काम सर्वांना हवे, पण आपली मुलगी कोणी त्या कामाला देणार नाही.

ही गाठ सोडवण्याचा मोठा प्रयत्न पुण्यात झाला. न्यायमूर्ती रानडे १९०१ साली वारले, त्यानंतर रमाबाई रानडे ह्यांनी स्वतःस सार्वजनिक कामात वाहून घेतले आणि १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. शिवण, संगीत, शिक्षिकांचे वर्ग ह्यांना लोकांची हरकत कमी होती. परंतु थोड्याच वर्षांत सेवासदनाने आपल्या बायकांना ससून रुग्णालयात परिचर्या शिकावयास पाठवले, तेव्हा मोठी कुजबूज झाली. ब्राह्मणांच्या विधवा इस्पितळात भांडी घासणार काय, असा तो सूर. रमाबाईंनी वाद घालत बसण्यापेक्षा ह्या मुलींना राहण्यासाठी वसतिगृहाची सोय केली. मला त्यांचे हे शहाणपण फार मोठे वाटते. मुलगी रात्रपाळी करून सुखरूप परत येईल अशी जागा असेल, तरच आईबाप तिला सोडतात. व्याख्यानाने सोडत नाहीत. आपली मंडळे ज्या परंपरेतून आली त्या परंपरेतले हे काम आहे, म्हणून येथे मुद्दाम सांगितले.

पुढे नोंदणीचे कायदे झाले, मद्रासेत १९२६ साली, मुंबई इलाख्यात १९३५ साली. स्वातंत्र्यानंतर, १९४७ च्या अखेरीस, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. ही जंत्री लांबवीत नाही.

ह्या सर्व काळाचा ताळेबंद एका सरकारी अहवालात सापडतो. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४३ साली, सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. समितीने देशातली माणसे मोजली. डॉक्टर सुमारे ४७,५००, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक! शिकलेल्या सुइणी पाच हजार. घरोघर जाऊन आईमुलाची पाहणी करणाऱ्या आरोग्य-भेटिका सबंध देशात साडेसातशे. त्या वेळी विलायतेत ३०० माणसांमागे एक परिचारिका होती. भोर समितीने पुढच्या पंचवीस वर्षांचा बेत आखला. १९७१ पर्यंत डॉक्टर १,८५,००० व्हावेत आणि परिचारिका ७,४०,०००. म्हणजे एका डॉक्टरामागे चार परिचारिका.

हे प्रमाण वाचकांनी क्षणभर मनात ठेवावे. डॉक्टर येतो, पाहतो, लिहितो, जातो. लिहिलेले अमलात आणावयास चार माणसे लागतात, हे त्या समितीस कळले होते. घडले काय? देशात वैद्यकीय महाविद्यालये निघत गेली, कारण प्रत्येक जिल्ह्याला, प्रत्येक पुढाऱ्याला आपल्या गावी महाविद्यालय हवे होते. आपला मुलगा डॉक्टर व्हावा असे प्रत्येक घराला वाटत होते. डॉक्टरांच्या आकड्याच्या जवळपास तरी आपण १९७१ मध्ये पोहोचलो. परिचारिकांच्या आकड्याच्या आसपासही नव्हतो. चार परिचारिकांमागे एक डॉक्टर हवा होता, त्याऐवजी डॉक्टर अधिक आणि परिचारिका कमी असा उलटा देश तयार झाला. मुली मिळत नव्हत्या, असे ह्याचे कारण सांगतात. मला ते पटत नाही. वेतन तुटपुंजे, राहण्याच्या खोल्या ओलसर आणि बढती म्हणजे निवृत्तीच्या आधी दोन वर्षे, अशा अटींवर कोणत्याही कामाला माणसे ‘मिळत नाहीत’. महाराष्ट्रातल्या कित्येक वॉर्डांची लाज राखली ती केरळातून आलेल्या मुलींनी. घरापासून हजार मैलांवर येऊन, मराठी शिकून, त्यांनी आमच्या म्हाताऱ्यांच्या पाठी चोळल्या. पुढे त्याच मुली आखाती देशांत आणि विलायतेला गेल्या, तेव्हा त्यांना नावे ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

आता माझा अनुभव. मी १९७८ साली नोकरीस लागले. रुग्णालय कोणते ते सांगत नाही. त्या काळी सगळीकडे तसेच होते. स्त्रियांच्या वॉर्डात तीस खाटा आणि अठ्ठेचाळीस बायका. खाटेवर न मावलेल्या खाली सतरंजीवर. नाइट ड्यूटी रात्री आठ ते सकाळी आठ, एक सिस्टर आणि एक मावशी. बारा तासांची सातशे वीस मिनिटे होतात. अठ्ठेचाळिसांनी भागा, प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा मिनिटे. त्यांतून ड्यूटी ताब्यात घेणे, कपाटाच्या किल्ल्या आणि औषधांची मोजदाद, केसपेपर लिहिणे वजा करा. काचेच्या सिरिंजा असत, त्या उकळून गार होईपर्यंत थांबणे वजा करा. रात्रीत एखादी नवी पेशंट आली, एखादी अत्यवस्थ झाली, तर उरलेल्या सत्तेचाळिसांची मिनिटे तिच्याकडे जात. काही बायकांच्या वाट्याला रात्रभरात दोन मिनिटे येत, तीही थर्मामीटर लावण्यापुरती.

मग उरलेले काम कोण करी? नातेवाईक. सलाइन संपत आले की हाक मारावयाची, बेडपॅन द्यावयाचे, पाणी पाजावयाचे, रात्रभर जागावयाचे, हे सारे त्यांचे. आपल्याकडची इस्पितळे नातेवाइकांच्या खांद्यावर चालतात आणि तो खांदा बहुतेक वेळा बाईचा असतो. पुरुषांच्या वॉर्डात जा, प्रत्येक खाटेपाशी बायको, आई किंवा बहीण दिसेल. स्त्रियांच्या वॉर्डात जा. नवरा सोडून गेलेला असतो, कारण त्याचा रोज बुडतो, घरी मुले आहेत, म्हैस आहे. आई आली तर आली. जिची आई नाही आणि जिचे माहेर लांब, ती एकटी. माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक बाळंतीण अशीच एकटी होती. नवरा सुगीसाठी परत गेला होता. रात्री दोनच्या सुमारास तिला रक्तस्राव सुरू झाला आणि ती एवढी क्षीण होती की हाक मारता येईना. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला इंजेक्शने देत होते. तिच्या शेजारच्या खाटेवरची म्हातारी दम्यामुळे जागीच होती. तिने ओरडून मला बोलावले. डॉक्टरांना उठवले, इलाज झाला, ती वाचली. ती म्हातारी त्या रात्री जागी नसती तर काय झाले असते, ह्याचे उत्तर रुग्णालयाच्या कोणत्याही रजिस्टरात नव्हते. रजिस्टरात एवढेच लिहिले गेले : “रात्रपाळी, एक परिचारिका, नेहमीप्रमाणे.”

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळले की, हाच प्रश्न कोणीतरी रीतसर विचारला होता आणि त्याचे उत्तरही काढले होते. अमेरिकेतील लिंडा एकिन ह्या स्वतः परिचारिका होत्या, मागाहून संशोधक झाल्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातली १६८ रुग्णालये घेतली, शस्त्रक्रिया झालेल्या २,३२,००० हून अधिक रुग्णांची माहिती तपासली आणि दहा हजारांवर परिचारिकांना विचारले की, तुमच्याकडे किती रुग्ण असतात? २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेकडे सरासरी एक रुग्ण वाढला की, दाखल झाल्यापासून तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. पुढे युरोपातल्या नऊ देशांत चार लाखांवर रुग्णांची अशीच पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१४ साली आला, आणि आकडा पुन्हा सातच! हे आकडे चार-सहा-आठ रुग्णांमागे एक परिचारिका असलेल्या रुग्णालयांचे आहेत. अठ्ठेचाळिसांचे गणित करावयास त्यांना कोणी सांगितले नव्हते.

ह्या विषयात कॅलिफोर्निया राज्याने धाडस केले. तेथील परिचारिकांच्या संघटनेने अनेक वर्षे लढा दिला, १९९९ साली कायदा झाला आणि २००४ च्या जानेवारीपासून तो लागू झाला. साध्या वॉर्डात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त सहा रुग्ण, पुढच्या वर्षापासून पाच. जेवणाच्या सुट्टीतही हे प्रमाण मोडावयाचे नाही. रुग्णालयांच्या मालकांनी आकाश कोसळेल म्हणून सांगितले होते, ते कोसळले नाही. नियम आपल्याकडेही आहेत, बरे का! भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाचांमागे एक असे आहे. कागदावर आपण कॅलिफोर्नियाच्या मागे नाही. तेथे प्रमाण मोडले की कायद्याने जाब द्यावा लागतो, येथे मोडले की सिस्टरला उद्धट म्हणतात, एवढाच फरक.

खासगी रुग्णालयांची कथा आणखी वेगळी. तेथे पांढरा झगा घातलेली प्रत्येक मुलगी परिचारिका असतेच असे नाही. जी असते तिला कित्येकदा मोलकरणीपेक्षा कमी पगार असे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, न्यायालयाने २०१६ साली केंद्र सरकारला समिती नेमावयास लावले आणि त्या समितीने पन्नास खाटांखालच्या रुग्णालयातसुद्धा महिना वीस हजारांखाली पगार असू नये अशी शिफारस केली. शिफारस आणि पगार ह्यांत जे अंतर असते ते आपल्यापैकी ज्यांच्या मुली ह्या कामात आहेत त्यांना विचारावे.

टंचाई कोठेही असली तरी ती सर्वांना सारखी लागत नाही. वेल्समधल्या ग्लिनकॉरुग नावाच्या कोळसाखाणीच्या खेड्यात ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर होते. १९७१ साली त्यांनी एक लेख लिहिला. त्याचा सारांश असा की, जेथे वैद्यकीय सेवेची गरज सर्वांत जास्त तेथेच ती सर्वांत कमी मिळते, आणि बाजारावर सोपवली तर हे उलटे प्रमाण आणखी वाढते. इंग्लंडात हे लिहिले तेव्हा ते नवे वाटले असेल. आपल्या खेड्यातल्या कोणत्याही बाईला ते पाठ होते.

खेड्यांसाठी आपल्याकडे काय झाले तेही सांगितले पाहिजे. १९५० नंतर सहायक परिचारिका-प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला, त्याच मुली खेड्यांतून ‘नर्सबाई’ झाल्या. नर्सबाईने बाळंतपणे करावयाची हा मूळ हेतू. पुढे पाच हजार वस्तीला, डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजारांना, एक उपकेंद्र असे प्रमाण ठरले. १९७३ च्या कर्तारसिंग समितीनंतर तिला बहुउद्देशीय केले. लसीकरण, मलेरियाच्या गोळ्या, कुटुंबनियोजनाचे उद्दिष्ट आणि रजिस्टरे ही सगळी कामे तिच्याकडे आली, आणि शिक्षण मात्र दोन वर्षांचे दीड वर्ष झाले! कामे वाढवून शिकवणे कमी करण्याची ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली असेल ती असो. नर्सबाई बाळंतपणापासून दूर गेली ती तेव्हापासून. शिवाय वीस वर्षांची मुलगी परक्या गावात, गावाबाहेरच्या खोलीत, कडी धड नसलेल्या दारामागे एकटी राहावी अशी अपेक्षा होती. माझ्या बरोबरीच्या दोघींनी ह्याच कारणाने नोकऱ्या सोडल्या. तेव्हा रमाबाईंच्या वसतिगृहाची आठवण सरकारला कोणी करून दिली नाही.

ह्यातून वाट काढली ती महाराष्ट्रातच. नगर जिल्ह्यात जामखेड येथे डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे ह्यांनी १९७० साली काम सुरू केले. त्यांनीही प्रथम शिकलेल्या नर्सबाई गावोगाव नेमून पाहिल्या, त्या टिकल्या नाहीत. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. गर्भारपण, जुलाब, क्षय, कुष्ठरोग ह्यांविषयी त्यांना दर आठवड्यास शिकवले. ज्या बाईला गावाने पाण्यापाशी उभे केले नव्हते तिला तेच गाव मध्यरात्री बाळंतपणासाठी बोलवावयास येऊ लागले. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉक्टर अभय व डॉक्टर राणी बंग ह्यांनी ‘सर्च’ ही संस्था १९८६ मध्ये काढली. नवजात मुले पहिल्या महिन्यातच फार दगावत आणि इस्पितळ दूर. त्यांनी ३९ गावांतल्या बायकांना शिकवले. बाळ वजन करून पाहावयाचे, श्वास अडकला तर काय करावयाचे, ऊब कशी द्यावयाची, आणि जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा द्यावयाचे. शेजारची ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रिकेत निष्कर्ष आला. तिसऱ्या वर्षी ह्या गावांतील नवजात मुलांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. इंजेक्शनवर पुष्कळ डॉक्टरांनी आक्षेप घेतला होता. आमच्या परिचारिकांतही नाराजी होती, हे लपवीत नाही. तीन वर्षे शिकून आम्ही जे करतो ते चौथी शिकलेली बाई कशी करील, असे आम्हांला वाटे. परंतु ज्या गावात आमच्यापैकी कोणी जाऊन राहणार नव्हते तेथल्या मुलाने आमची वाट पाहत मरावे काय, ह्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

ह्याच अनुभवांच्या जोरावर १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ आली. हजार वस्तीला एक, गावातलीच बाई. नाव गोड ठेवले. परंतु ती नोकर नाही, ती स्वयंसेविका, तिला पगार नाही, कामाप्रमाणे मोबदला. घरातल्या बाईच्या शुश्रूषेला काम न म्हणण्याची जी जुनी रीत, तीच सरकारी कागदावर आली. २०२० च्या साथीत ह्याच बायका दारोदार फिरून ताप मोजत होत्या. कोणी तोंडावर दार लावले, कोणी अंगावर धावून गेले. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशांनी संप केला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या सर्व आशांचा गौरव केला. आपल्या मंडळानेही त्या वर्षी आपल्या भागातल्या आशाताईंना साडी व नारळ दिला होता, तो कार्यक्रम चांगला झाला.

त्या कार्यक्रमात मी तिला तिची वही दाखवावयास सांगितले होते. गडचिरोलीची रीत केंद्र सरकारने २०११ पासून देशभर घेतली, त्या कामाचे पान तिने उघडले. इस्पितळात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे. वजन, ताप, श्वास, नाळ, आईचे दूध, आईचा रक्तस्राव, सारे पाहावयाचे व लिहावयाचे. सहा खेपा आणि बाळाची नोंद पूर्ण झाली की अडीचशे रुपये, असे २०११ मध्ये ठरले होते. मी तेथेच मागच्या पानावर भागाकार केला. एका खेपेला एकेचाळीस रुपये सदुसष्ट पैसे. आशाताई हसली आणि म्हणाली, “बाई, रिक्षा धरली तर तेवढेही उरत नाहीत, म्हणून मी चालतच जाते.”